मोळी क्रमांक चार

शनिवार, २२ नोव्हेंबर

सगळ्यात आधी कोण आलं म्हणाल, तर तो मुकुल. चारची वेळ दिलेली आणि हा पावणेचारला दारात. बेल इतकी हळू वाजवली की मला वाटलं शेजारच्यांचीच. दार उघडते तर बूट काढलेले, मोजे बुटात घातलेले, बूट भिंतीला लावून सरळ. बारा वर्षांचं पोर! आमचा अनिरुद्ध या वयात एक चप्पल दारात नि एक लिफ्टपाशी टाकायचा. मी म्हटलं, "ये रे बाळा, पाणी देऊ?" तर म्हणतो, "नको आजी, मोळी आली की सगळे एकदम पिऊ."

मोळी काय ते लिहून ठेवते. माझ्या नातीच्या, ऋताच्या, शाळेत यंदा सातवीच्या मुलांचे सात-सात जणांचे गट केलेत, त्याला मोळी म्हणतात. आमच्या ऋताची मोळी क्रमांक चार. एकाने गृहपाठ चुकवला तर सातांची मधली सुट्टी बंद, एकाला शाबासकी तर सातांना. वसुधाताई म्हणून बाई आहेत, त्यांची कल्पना. मुलांना चांगलं वळण लागावं म्हणून. महिन्यातून एकदा मोळी कोणाच्या तरी घरी जाते, आज आमच्याकडे होती. मी ताईंना म्हटलं, आमच्या देवगडला आम्ही पोरी रानातून मोळ्या डोक्यावर आणायचो, आता पोरीच मोळीत! त्या हसल्या नाहीत. विनोद कळला नसेल. पण बाई फार गोड. आवाज असा की समोरच्याला झोप यावी.

मग शर्मिष्ठा आली, शौनक आला, आणखी दोघं आले, आणि शेवटी जॅकलिन. ही ऋताची बालवाडीपासूनची मैत्रीण, मागच्या गावठाणातल्या उर्सुलाची नात. आली की थेट स्वयंपाकघरात घुसणार. आजही घुसली, "आजी, वास बाहेरपर्यंत येतोय ना!" मी एक गरम कोथिंबीरवडी तिच्या तोंडात कोंबली. मुकुलने बाहेरून पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"खाण्याआधी आरसा," ताई म्हणाल्या. आरसा म्हणजे दर शनिवारी असं, की एकाने मध्ये बसायचं आणि बाकीच्यांनी त्याचा एकेक दोष सांगायचा. मधल्याने प्रत्येक दोषाला "आभारी आहे" म्हणायचं. मारणं नाही, ओरडणं नाही. आज शर्मिष्ठा मध्ये होती.

"तुला उत्तर येत नसलं तरी तू हात वर करतेस."

"आभारी आहे."

"आईने केलेला प्रकल्प तू स्वतःचा म्हणून दाखवलास."

"आभारी आहे."

पोरीचे डोळे भरले, पण आवाज खणखणीत. आमच्या ऋताने सांगितलं, "तू डबा झाकून खातेस." मग जॅकलिनची पाळी. ती म्हणाली, "मला कोणाचं काही सांगायचं नाही."

ताई हसल्या. "सावकाश. आम्ही थांबतो."

आणि थांबले की हो सगळे! मी घड्याळ पाहिलं, पस्तीस मिनिटं. एक मूल हललं नाही. वड्या गार झाल्या. मी मध्येच म्हटलं, "अगं सांग ना काहीतरी, खोटं सांग, पण वड्या खा," तर ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसले. मी गप्प बसले हे आमच्या ह्यांनी वरून पाहिलं असेल तर टाळ्या वाजवल्या असतील.

शेवटी ताईंनी विचारलं, "मोळीला काय वाटतं?"

मुकुल म्हणाला, "विसावा."

विसावा म्हणजे ज्याचं मन बंद आहे त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, बघायचं नाही, डबा द्यायचा-घ्यायचा नाही. तो स्वतःहून मन उघडेपर्यंत. ताई मला म्हणाल्या, "ही शिक्षा नाही आजी. आणि ठरवतात ती मुलं, मी नाही." एकेक हात वर झाला. आमच्या ऋताचा सगळ्यात शेवटी. पोर विचार करून हात वर करते, हे मला आवडलं.

मग खाणं. जॅकलिन चपलांच्या स्टँडपाशी बसली होती. मी बशी घेऊन निघाले तर मुकुल म्हणाला, "आजी, तिला राहू दे." इतक्या नम्रपणे म्हणाला की मी बशी परत आणली.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पूजा छान झाली. पाच पानं आणि फुलं उर्सुलाकडूनच आणली. बाजाराच्या तोंडाशी बसते ती. ख्रिस्ती बाई, पण कोणत्या पूजेला कोणती पानं लागतात ते तिला माझ्यापेक्षा पाठ. आज नेहमीसारखी बोलली नाही. मीच बोलत होते म्हणा.

ऋता किती बदलली! पहाटे पाचला आपणहून उठते. माझ्या पाया पडते. बोंबील म्हणजे जीव की प्राण होता, तो सोडला. मी विचारलं का गं, तर म्हणाली, "मोळीत प्रत्येकाने आवडीचं एक सोडायचं असतं." टीव्ही नाही, रडारड नाही, "मला हेच पाहिजे" नाही. आणि काल तर कहर! सकाळी बघते तर स्वतःची चादर बाथरूममध्ये स्वतः धुतेय. म्हटलं, अगं मशीनला लाव. तर म्हणाली, "पाण्याची बाटली सांडली गं रात्री." बाटली उशाशी घेऊन झोपते वाटतं. पण आळस नाही, दुसऱ्यावर काम टाकणं नाही. मी अख्ख्या मजल्यावर सांगितलं.

ही वही तिनेच दिली मला. "आजी, तुझ्या गोष्टी ऐकायला मला आता वेळ नसतो, तू लिही." चौथी शिकलेली मी, पण बघा कशी लिहितेय.

सोमवार, १ डिसेंबर

रेवतीचं डोकं फिरलंय. सून चांगली आहे हो, पण अंधेरीला ऑफिसात बसून बसून सगळ्याकडे संशयाने बघायची सवय लागलीय. आज जेवताना म्हणाली, "आई, ऋताची नखं बघितलीत का? रक्त येईपर्यंत कुरतडलीयेत."

मी म्हटलं, "वाढीचं वय आहे."

"आणि शनिवार आला की पोट दुखतं तिचं."

"शुक्रवारी तू बाहेरचं मागवतेस ना."

अनिरुद्ध मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "अगं, अख्ख्या वर्गाला चालतंय ते. पालकसभेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तूच होतीस ना?"

"होते. मीही वाजवल्या," रेवती म्हणाली. "सगळे वाजवत होते." मग ताट उचलून आत गेली.

ऋता सगळं ऐकत होती. झोपायच्या आधी माझ्यापाशी येऊन म्हणाली, "आजी, शौनकचा एखादा दोष सांग ना. तू बघितलंयस त्याला. माझे संपले." म्हटलं, चांगला तर मुलगा आहे. तर म्हणाली, "चांगला आहे असं चालत नाही गं. दोष नाही सांगितला की आपलं मन बंद असतं." मग दोघींनी बसून शोधला. तो वडी खाताना तोंड उघडं ठेवतो. ऋताने लिहून घेतला. सुटली बिचारी.

बुधवार, ३ डिसेंबर

बाजारात उर्सुलाने माझा हात धरला. चक्क मनगट. म्हणाली, "बाय, तुझी नात माझ्या पोरीशी बोलत नाय?"

मी म्हटलं, "विसावा चालू आहे ना गं. जॅकलिन मन उघडेल, की झालं."

"बारा दिवस झाले. वर्गात कोण बोलत नाय. बेंचावर एकटी. पोरगी घरी येते नि माझ्याशी बी बोलत नाय. काय उघडायचं तिनं? कोणाचं वाईट बोलायचं नाय, हेच शिकवलं मी तिला."

मी समजूत घातली. म्हटलं, आपल्या लहानपणी नव्हता का अबोला? मी माझ्या धाकट्या बहिणीशी महिना महिना बोलत नसे. उर्सुला म्हणाली, "एकटी ना तू? अख्खं गाव तर नाय ना?" गिऱ्हाईक आलं, मी निघाले. ती शाळेत जाऊन भेटणार होती, पण जॅकलिनच नको म्हणतेय. म्हणे, तू गेलीस तर जास्त करतील.

जास्त काय करणार? बोलतच नाहीत तर.

मंगळवार, ९ डिसेंबर

आज मला एक गुपित कळलं आणि मला इतका आनंद झाला की पोटात मावेना. दुपारी मी मालिका बघते तेव्हा ऋता माझा फोन घेऊन गॅलरीत जाते. मला वाटायचं गेम खेळते. आज जाहिरात लागली म्हणून उठले, तर ही कपड्यांच्या दांडीमागे बसून कुजबुजतेय. "तू जेवलीस का? ... मी पण नाही ... उद्या वहीत चिठ्ठी ठेवीन, चौथ्या पानावर." जॅकलिनशी!

मला बघून पांढरी पडली. फोन खाली ठेवला आणि माझे दोन्ही पाय धरले. "आजी, तुझी शपथ, कोणाला सांगू नकोस. रोज बोलते मी तिच्याशी. रोज पाच मिनिटंच. ती म्हणते तू फोन केला नाहीस तर मी काय करीन मलाच माहीत नाही."

मी म्हटलं, "वेडे, चांगलंच करतेस की. मैत्रिणीची काळजी."

"चांगलं नाही आजी. मोळीला कळलं तर..."

मी शपथ घेतली. देवासमोर घेतली. बाकी मालिकेत काय झालं ते बघायचं राहिलंच.

रविवार, १४ डिसेंबर

रेवती हैदराबादला गेली, ऑफिसचं ट्रेनिंग, तीन आठवडे. जाताना ऋताला इतका वेळ जवळ घेऊन उभी होती की गाडीवाला हॉर्न मारायला लागला. मला म्हणाली, "आई, तिच्याशी बोलत राहा. रोज. तुम्ही बोललात की ती हसते." मला हसूच आलं. मला बोल म्हणून सांगावं लागतं होय?

चादर आजही धुतली पोरीने. ही या महिन्यातली पाचवी की सहावी. तिला म्हटलं, बाटली आता टेबलावर ठेव.

शनिवार, २० डिसेंबर

आज लिहायला बसायलाच रात्र झाली, दिवसभर उभी होते.

मोळी पुन्हा आमच्याकडे आली. ताईंना आमचं घर आवडलं असणार. जॅकलिन नव्हती, आठवडाभर शाळेतच आली नाही म्हणे, पोट दुखतं. नाचणीचे लाडू केले होते. आरसा आज ऋताचा होता.

मध्ये बसली पोर. एकेकाने सांगितलं, ती आभारी आहे म्हणत गेली. मुकुल म्हणाला, "तू हल्ली कोरडी वाटतेस. तुझं मन मोळीत नाही."

"आभारी आहे."

"कुठे आहे ते सांग," मुकुल म्हणाला.

ताई म्हणाल्या, "मुकुल, आरशात प्रश्न नसतात." पण त्यांनीही ऋताकडेच पाहिलं.

मला राहवलं नाही. माझ्या नातीला कोरडी म्हणतात? जिचं काळीज लोण्याचं! मी लाडवांचं ताट घेऊन उभी होते, तशीच म्हणाले, "अहो ताई, कोरडी कसली! तुमच्या शिकवणीने तर इतकी मायाळू झालीय. त्या जॅकलिनला विसावा दिलाय ना, तरी ही रोज तिला फोन करून विचारते, जेवलीस का म्हणून. रोज! चिठ्ठ्या ठेवते. स्वतः उपाशी राहते पण तिला विचारते. असं मन शोधून सापडायचं नाही."

शपथ मोडली हे बोलून झाल्यावर आठवलं. पण चांगलंच तर सांगितलं ना? वाईट सांगू नको अशी शपथ असते, चांगलं सांगितल्याने काय बिघडतं?

शौनकच्या हातात लाडू होता, तो त्याने बशीत परत ठेवला. मग शर्मिष्ठाने ठेवला. मग सगळ्यांनी. अर्धे खाल्लेले लाडू, ओळीने. पंखा चालू होता त्याचा आवाज येत होता, गेले दोन महिने अनिरुद्धला सांगतेय तेल घाल म्हणून.

ऋताने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला वाटलं होतं रागावेल. आमच्या सोसायटीतल्या मांजरीला दोन वर्षांमागे गाडीने धडक दिली, तेव्हा ती मांजर तशी बघत होती, पण हे मी काहीतरीच लिहितेय.

ताई उठल्या, माझा हात हातात घेतला. "आजी, तुम्ही खरं बोललात. घरातल्या मोठ्यांनी इतकं खरं बोललेलं मी प्रथमच पाहतेय." माझा ऊर भरून आला. मग त्यांनी मुलांना विचारलं, "मोळीला काय वाटतं?"

पाच हात. सगळे एकदमच वर.

सोमवार, २२ डिसेंबर

ताई आणि मोळीचा नायक म्हणून मुकुल संध्याकाळी येऊन गेले. ऋता आत होती. ताई म्हणाल्या, शाळा उद्यापासून नाताळची बंद, त्यामुळे विसाव्याचा उपयोग व्हायचा तर घरानेही हातभार लावायला हवा. घर आणि शाळा एक झाली तर मूल घडतं. नाहीतर शाळेत बंद दार आणि घरी उघडी खिडकी, असं झालं की मूल खिडकीतूनच पळतं. किती छान बोलतात!

अनिरुद्ध म्हणाला, "म्हणजे आम्ही तिच्याशी बोलायचं नाही?"

"जेवायला वाढा, औषध लागलं तर द्या. बोलणं फक्त थांबवा. ती स्वतः येऊन 'मी तयार आहे' म्हणेपर्यंत. बहुतेक मुलं चार दिवसांत येतात."

"आणि नाही आलं तर?"

"येतात," मुकुल म्हणाला. मग पुढे म्हणाला, "मी दोन दिवसांत आलो होतो."

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो जरा मागे सरकला. लाजरा आहे.

अनिरुद्धने डोकं खाजवलं. त्याच्या साहेबांचा मुलगा मोळी क्रमांक एकमध्ये नायक आहे. म्हणाला, "आई, चार दिवसांचा प्रश्न आहे. रेवतीला फोनवर काही बोलू नकोस, ती तिथून उगाच धावत येईल."

मी शब्द दिला. एकदा मोडला, आता नाही मोडणार.

बुधवार, २४ डिसेंबर

किती कठीण आहे हो! मी जन्मात इतकं गप्प राहिले नव्हते. पहिल्या दिवशी ऋता स्वयंपाकघरात आली. "आजी, पोह्यांत दाणे घातलेस?" मी तोंडावर बोट ठेवलं.

ती उभीच राहिली. "आजी, तू पण?"

मी पुन्हा बोट ठेवलं, आणि हसले, म्हणजे तिला कळावं की माझं प्रेम आहे. तिने पोहे घेतले नाहीत.

अनिरुद्ध सकाळी जातो गोरेगावला, तो रात्री येतो, त्याचं सोपं आहे. मी आणि ती दिवसभर. मी देवाशी मोठ्याने बोलते, कुंडीतल्या तुळशीशी बोलते, म्हणजे तिच्या कानावर माणसाचा आवाज तरी पडेल. तर काल तुळशीपाशी ती हळूच येऊन बसली. मी तुळशीला सांगत होते, आज थंडी आहे, स्वेटर घालायला हवं कोणीतरी. तिने जाऊन घातलं. मला रडूच आलं. पण हे नियमात बसतं की नाही कोण जाणे, म्हणून संध्याकाळी मी तुळशीशी बोलायचं पण बंद केलं.

फोन मी कपाटात ठेवलाय. चावी कनवटीला.

रेवतीचा फोन आला. "ऋताला द्या ना." मी म्हटलं, झोपलीय. दुपारी झोपलीय? हो, सुट्टी आहे ना. मग म्हणाली, "आई, तुम्ही आज कमी बोलताय."

शुक्रवार, २६ डिसेंबर

उर्सुला आली होती, नाताळचं ताट घेऊन. कुलकुल, केक, पेरूची वडी. दरवर्षी जॅकलिन आणते, आज आजीच आली. ऋता दार लावून बसली होती. उर्सुला सोफ्यावर टेकली आणि एकदम पदर तोंडाला लावला.

"बाय, तुझी पोर रोज फोन करायची, त्यावर माझी पोरगी तगून होती. शनिवारपासून बंद. का बंद झाला?"

मी म्हटलं, मोबाइल बिघडलाय. खोटं बोलले. पण पोरींच्या भल्यासाठी.

मग तिने मला जे सांगितलं ते असं, की जॅकलिन रात्री अंथरुणात करते. बारा वर्षांची मुलगी. नोव्हेंबरपासून. मिस्साला आली नाही, नवा फ्रॉक घातला नाही. मनोरीला मावशीकडे पाठवते म्हटलं, तर म्हणाली तिथे खाडी आहे ना, मग पाठव. "असं का बोलली गं ती?" उर्सुला मला विचारत होती. "खाडी हाय म्हणून पाठव, असं का बोलली?"

मी म्हटलं, मुलांना पाणी आवडतं.

"कोणाला सांगू नको हां बाय, अंथरुणाचं. पोरीची जात."

मी म्हटलं, छे छे.

रविवार, २८ डिसेंबर

सहावा दिवस. आणि आज दुपारी चार वाजता ऋता बाहेर आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मी तयार आहे."

मी देवापुढे साखर ठेवली! मग तिला कुशीत घेतलं, आणि पाच दिवसांचं सगळं एकदम बोलले, तुळस, रेवती, बाजूच्यांची नवी गाडी. ती ऐकत होती. लाकडासारखी बसली होती पण ऐकत होती. ताईंना लगेच फोन लावला. ताई म्हणाल्या, "मला खात्री होती. आता एकच पायरी. ऋताने जॅकलिनला आरसा दाखवायचा. ज्या मैत्रिणीसाठी तिने मोळीशी खोटेपणा केला, तिलाच. आणि दोष खरा हवा, वरवरचा नको. मग दोघींचा विसावा संपला. दोघी मोळीत परत."

म्हणजे बघा, एका दगडात दोन्ही पोरी सुटणार!

ऋता फोन ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तिचा दोषच नाही आजी. मी पाच दिवस शोधला."

"असेल की काहीतरी."

"ती माझ्यासाठी पण कोणाचं वाईट बोलली नाही. मला काय सांगायचं? मी नाही सांगितलं तर पुन्हा विसावा. तू पुन्हा बोट ठेवशील." तिचे ओठ पांढरे झाले होते. "आजी, मी पुन्हा नाही राहू शकत तसं. काहीतरी सांग तू. तुला सगळ्यांचं सगळं माहीत असतं."

मी खूप विचार केला. उर्सुलाने विश्वासाने सांगितलं होतं, हे मला आठवलं, अगदी आठवलं. पण पोटच्या पोराची पोर समोर अशी थरथरतेय, आणि शेवटी हे चांगल्यासाठीच ना? मोळीला कळलं तर मोळी मदतच करेल. त्या सवयीवर उपाय सुचवतील. ताई शिकलेल्या आहेत. म्हणून सांगितलं.

ऋताने विचारलं, "हा दोष असतो?"

"दोष म्हणजे सवय गं. वाईट सवय. इतक्या मोठ्या मुलीला शोभतं का?"

ती आत गेली. बाथरूमचा नळ किती वेळ सोडलेला होता. बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला, केस विंचरलेले. वहीत एक ओळ लिहिली, ती मला दाखवून विचारलं, "शुद्धलेखन बरोबर आहे?" मला काय कळतंय शुद्धलेखनातलं. म्हटलं, अक्षर मोत्यासारखं आहे.

बुधवार, ३१ डिसेंबर

सगळं ठरलं. परवा मीच बाजारात जाऊन उर्सुलाला सांगितलं की मोळी जॅकलिनला परत घेतेय, सगळे आमच्याकडे जमणार, तिला घेऊन ये. बाईने फुलांचा वाटा बाजूला ठेवला आणि तिथेच, भर बाजारात, मला मिठी मारली. "बाय, तू देवासारखी भेटलीस!" फुलं सांडली सगळी. म्हणाली, नाताळचा फ्रॉक तसाच पडलाय, तो घालीन तिला. आज उर्सुला पुन्हा भेटली, जॅकलिनने काल पहिल्यांदा पोटभर जेवण केलं म्हणे, ऋता भेटणार म्हणून. विचारलंय तिने, ऋताला काय आणू? मी म्हटलं, काही नको, पोर येतेय हेच खूप.

घरी येऊन ऋताला सांगितलं तर तिने फक्त "बरं" म्हटलं. ती आता खूप शहाणी झाली आहे. जास्त बोलत नाही. रोज तीच एक ओळ आरशासमोर, खऱ्या आरशासमोर, उभी राहून म्हणते. पहिल्या दिवशी मध्येच अडकत होती. आज सलग म्हणाली.

रेवती रविवारी येणार. तोपर्यंत सगळं गोड झालेलं असेल, मग सावकाश सांगेन तिला. या वेळी बटाटेवडे करते, गार झाले तरी खाता येतात. ताईंचा फोन येऊन गेला, मोळी क्रमांक दोनची मुलंही बघायला येणार आहेत, चालेल ना म्हणून. चालेल म्हणजे काय! शेजारून सतरंजी आणायला हवी. शनिवारी, तीन जानेवारीला, चार वाजता येतो म्हणालेत.